दोन गंधारांची पेटी

अप्पा, तुमच्या पेट्यांच्या खोलीत हल्ली मी बसते. मी कामाला जाते त्या बेलूरच्या कारखान्याला सुट्टी असली की सकाळचा चहा घेऊन इथेच येते. केशवापुरातलं कोवळं ऊन बाकावर पडतं आणि तुम्ही वाकून पितळेची रीड घासताय असं क्षणभर दिसतं. टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, एवढं मला शाळेच्या वयापासून ठाऊक होतं. पण हात नेमका कुठे थांबवायचा, ते फक्त तुमच्या कानाला कळायचं.

धारवाडच्या बाई मोठ्या गायिका, पण साथीला पेटी घेत नसत. त्या भांडायच्या नाहीत, तक्रार करायच्या नाहीत, पण पेटीचा गंधार आपल्या गळ्याला टोचतो म्हणायच्या. त्यांचं खरंच होतं. बाजारच्या पेटीत बारा सुरांमधली अंतरं सारखी वाटून दिलेली असतात आणि गळा तसा गात नाही. तुम्ही ते मनाला लावून घेतलंत. बाईंच्या पट्टीचे सा आणि प सोडून उरलेल्या दहा सुरांना दोन-दोन रीड बसवायच्या, एक किंचित चढी, एक किंचित उतरलेली, आणि त्या प्रत्येक सुराच्या पट्टीखाली एक खुंटी द्यायची. खुंटी ओढली की चढा सूर, दाबली की उतरलेला. लोकांच्या पेट्यांची दुरुस्ती सांभाळून तीन वर्षं तुम्ही त्या एका पेटीवर खपलात.

तोवर तुमचे कान मंदावले होते. तुम्ही आईला सांगितलं नाहीत, मला सांगितलंत. षड्ज आणि गंधार एकदम धरायचे आणि विचारायचं, "लाट राहिली का गं?" दोन सूर केसभर जरी सरकलेले असले तरी आवाजात बारीक लाट येते, ती पुरती मिटेपर्यंत घासायचं, असं तुम्ही शिकवलं होतंत. आई स्वयंपाकघरात भाकरी थापताना हात थांबवून उभी राहायची, आवाज नको म्हणून. आणि मी तुमच्या चेहऱ्याकडे बघतेय. मला लाट ऐकूच येत नाहीये, अप्पा. ती पहिल्या दिवसापासून कधी आलीच नव्हती. तुमच्या कपाळावरची आठी सैल झाली की मी म्हणायची, "मिटली." तुम्ही खूश होऊन रीड बसवायचात. इथल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या वाद्यांच्या दुकानात तुम्ही अभिमानानं सांगितलंत की आमच्या पोरीचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. मी शेजारी पिशवी धरून उभी होते.

मग धारवाडची ती सकाळची बैठक. पहिल्यांदाच बाईंनी पेटी शेजारी बसवून घेतली होती, तुमच्या शब्दावर. बिलावल सुरू झाला. त्या गंधारावर थांबल्या, पेटीनं तो धरला, आणि त्यांनी डोळे उघडले. पुन्हा तिथेच गेल्या, पुन्हा डोळे उघडले. तिसऱ्या वेळी वादकाकडे न बघता हळूच म्हणाल्या, "साकु." म्हणजे पुरे. त्यानं भाता मिटला. उरलेलं गाणं नुसत्या तंबोऱ्यावर झालं, आणि तुम्ही पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसून राहिलात.

परतीच्या बसमध्ये नवलूर मागे पडलं. मग तुम्ही म्हणालात, "कान गेले गं माझे. तुझ्यावर उगीच भार टाकला." मी खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. तुम्ही रीड घासायची कानस पुन्हा हातात घेतली नाहीत. पेटीवर आईची जुनी इरकल पांघरली गेली, आणि दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

त्यानंतर मी बाईंकडे जायला लागले. गाणं शिकायला नव्हे, तंबोऱ्याशी बसायला. त्यांनी कारण विचारलं नाही. खर्जाची तार छेडली की तिच्यातून न वाजवलेला गंधार आपोआप वर येतो, तो ऐकू येईपर्यंत दुसरं काही करू नकोस, एवढंच म्हणाल्या. तीन वर्षं दर रविवारी मी तारच ऐकत होते. एका दुपारी तो आला. इतका साधा, इतका स्पष्ट, की आजवर न ऐकल्याची लाज वाटली. घरी येऊन पेटी उघडली, बाईंच्या पट्टीत तंबोरा लावला आणि तुमचा गंधार धरला. लाट होती, अप्पा. आंधळ्यालाही दिसावी अशी. कानशीचे चार हलके हात बुडाशी, एवढंच काम उरलं होतं. बाकी सगळे सूर तुम्ही चोख लावले होते. मी आठवडाभर एकेक धरून पाहिले.

गेल्या महिन्यात बाईंकडे पेटी नेली. त्यांना आता फारसं गाता येत नाही. त्यांनी स्वतः खुंटी दाबून गंधार धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ भाता हलवत राहिल्या. मग विचारलं, हा कोणी लावला? मी म्हणाले, अप्पांनी. बैठकीच्या दिवशी खुंटी नीट दाबली गेली नसेल, असंही वर सांगितलं. त्यांनी पेटीला हात जोडले.

तुमचं नाव सांगितलं ते तुमच्यासाठी, असं तुम्हाला वाटेल. तसं लिहायचा मोहही झाला होता. पण खरं म्हणजे, सूर मी लावला म्हटलं असतं तर तेव्हाचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि बाईंसमोर तेवढा धीर मला झाला नाही.