जवाईबापूंचं स्विस घड्याळ

१२ मे
सामान लागलं एकदाचं. यवतमाळचं घर विकून मी भिलाईले, स्मृति नगरात, लेकीकडे कायमची आली. प्रांजलीनं मले कूलरवाली खोली दिली. जवाईबापू अच्युतराव प्लांटमधी इंजिनियर. स्वभावानं गरीब, माझी बडबड मुकाट्यानं ऐकून घेतात. अधिक महिना लागून राहिला, त्यायले वाण द्यायचं. चांदीची वाटी सगळेच देतात. मी काहीतरी भारी देईन.

१६ मे
पावर हाउसच्या बाजारात गेली. भैयालालच्या दुकानात जुने फ्रिज, मिक्सर, कपाटं, आन् काचेखाली एक सोन्याचं स्विस घड्याळ. जुन्या जमान्याचं, ऑटोमॅटिक. सेल नाही, चाबी नाही, हात हालला का चालते. बंद पडलं होतं, मी उचलल्याबरोबर सुरू झालं. भैयालाल म्हणे, घड्याळातलं आपल्याले काही समजत नाही, एका कपाटात निघालं. मी मनात म्हटलं, मंग तर स्वस्तात देशील लेका. प्रांजली म्हणत होती, आधी घडीसाजाले दाखव. मी म्हटलं, तू मले नको शिकवू.

२० मे
धोंड्याचं जेवण झकास झालं. तेहतीस अनारसे, वर घड्याळ. जवाईबापू लाजले. मनगटावर शोभून दिसते.

२६ मे
जवाईबापूंचा हात स्वस्थ राहत नाही. जेवताना, पेपर वाचताना, झोपेतही हालूनच राहिला. डॉक्टरले काही सापडलं नाही. घड्याळाचं बक्कल उघडत नाही.

२९ मे
त्यायनं हात उशीखाली दाबून धरला. घड्याळ मंद झालं, तसा त्यांचा श्वासही. हात सोडला तवा दोन्ही चालू झाले. मी डोळ्यानं पाह्यलं. लेकीचं कुंकू मीच आपल्या हातानं—
भैयालालकडे धावली. ते कपाट विकणाऱ्यांनी त्याले सांगितलं होतं म्हणे, दुसऱ्यानं घालायले मागितलं तरच हे सुटते. आन् मंग तो दुसरा वाचत नाही. आता सांगते मेला.

३१ मे
वाण दिलं का परत घेत नाहीत. मी मागितलं. जवाईबापू नाही नाही म्हणत होते, ओठ निळे पडलेले. मी उजवा हात पुढं केला. बक्कल आपोआप उघडलं. ते झोपले, गाढ. उठल्यावर त्यायले म्हटलं, प्रांजलीले सांगू नका. भीती वाटून राहिली मले, लई.

२ जून
हात थांबत नाही. कणीक मळते, भांडे घासते, लिहिते. काहीही करते. थांबली का छाती—

३ जून
अक्षर वाकडं. आवाज निघत नाही. हात तेवढा—

दुपार
जवाईबापूंनी प्रांजलीले सांगून टाकलं. ती आली. रडत नाही. बाजूले बसली. म्हणते, आई, मले दे, मी घालते.
नको. प्रांजली, नको बाई. तुझ्याचसाठी तर मी—
हात मागं घे. ऐक ना. तोंडानं बोलता येत नाही, हे वाच. वाच आधी—
बक्कल उघ