कपाटांवरचा चिकटा

ग्वेरू,
९ जून १९९४

चि. रविरो हिस अ. उ. आ.

आज जूनची कडक थंडी होती. कालच्यासारखंच आजही सकाळी अंगणात चूल पेटवून पाणी तापवलं आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातली कपाटं धुतली. हात सुजले आहेत, त्यामुळे अक्षर नीट येत नाही. सांभाळून घे.

शुवाई गेली, तिची भांडी आता तिच्या माहेरची, म्हणजे तुमची आहेत. तुम्ही तिच्या वस्तूंच्या वाटणीला येईपर्यंत एकाही पातेल्याला माझा हात लागायचा नाही. शेजारून मागून आणलेल्या भांड्यात मी अंगणातच शिजवून खातो. कपाटंही तिच्याच हातच्या कमाईची, म्हणजे तीही तुमचीच. पण ती तशी तुमच्या हवाली करणं मला बरं वाटेना. इतकी वर्षं तिने त्या खोलीत पिठाचे गोळे तेलात सोडून माग्विन्या तळल्या आणि शाळेच्या फाटकाशी नेऊन विकल्या. त्या तेलाची वाफ कपाटांवर बसत गेली. ती दर शनिवारी पुसून काढायची म्हणून कधी कळलं नाही. यंदा जानेवारीच्या पावसात तिला उभं राहवेना, आणि मग सगळं साचलं. बोट लावलं तर बोट चिकटायचं. आत झुरळं झाली होती.

पडल्या पडल्या ती म्हणायची की उठले की आधी ती कपाटं. आई आली तर दारावर बोट फिरवून बघेल, आणि मुलीला काय शिकवलं म्हणून स्वतःलाच बोल लावून घेईल. आईंनी तसं बोट फिरवावं आणि ते कोरडं निघावं, एवढ्यासाठी हे केलं.

वाटणीचा दिवस ठरला की कळव. गोंदाई दादांना नमस्कार. आईंना माझा निरोप तू तुझ्या शब्दांत सांग. तुझी माया आहे तशी राहू दे.

नायसन चिव्होरे

———

शुरुग्वी,
१७ जून १९९४

ती. दाजींस रविरोचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बसच्या कंडक्टरने मंगळवारी दिलं. आईचा गुडघा थंडीने पुन्हा धरला आहे. भुईमूग सोलून झाला. दादाची एक शेळी हरवली होती, ती मास्तरांच्या कोबीत सापडली, म्हणून दोन दिवस त्या दोघांचं बोलणं बंद होतं. घरची एवढीच बातमी लिहून पत्र संपवता आलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या पत्राआधी इथे दुसरी बातमी पोचली होती. तुमच्या शेजारची पानाशेची आई एका मयताला इकडे आली होती. तिने चार बायकांत सांगितलं की शुवाईच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आत एक बाई पाठमोरी उभी राहून कपाटं घासत होती. अंगावर ताईचा निळा ॲप्रन. तिने दोन दिवस पाहिलं म्हणे. दादा म्हणतो की माती अजून ओली आहे आणि या माणसाने नवीसाठी घर धुवायलाही काढलं. तो म्हणतो की आता वाटणीबिटणी काही नाही. ट्रक नेऊन कपाटं खिळ्यांसकट उपटून आणायची, आईने त्या उंबऱ्यात पाऊल ठेवायचं नाही, आणि तुमचा आमचा संबंध तिथेच संपला.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. दादा हसला. ज्याला बायको असताना चहाचा कप कधी विसळावा लागला नाही, तो कपाटं घासतो का, असं त्याने विचारलं. ताईच सांगायची की तुम्हाला घासणी दाखवली तर तुम्ही विचाराल हे कुठल्या झाडाचं फळ.

एरवी मी लिहिलं असतं की दुसरी करायची तर मेहुणीला आधी विचारायचं असतं, माझा हक्क पहिला. आज थट्टा सुचत नाही. आई जेवणाचं ताट पुढे आलं की बाजूला सारते. खरं काय ते लिहा. राग नाही, पण काळजी फार आहे.

रविरो

———

ग्वेरू,
२२ जून १९९४

चि. रविरो हिस आशीर्वाद.

या घरात कोणी बाई आलेली नाही. शुवाईच्या कबरीवर हात ठेवून हे सांगायला मी तयार आहे. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

एक विनंती आहे. ट्रक आणायचा तर आणा, कपाटं न्या, भांडी न्या. ती तुमचीच आहेत. पण आईंनी एकदा आत यावं. आम्हाला मूल नाही. सासू उंबऱ्यात न येता सामान गेलं तर मी तुमचा जावई राहत नाही, आणि मग मी कोणाचाच कोणी राहत नाही. माझे भाऊ तर कधीच गेले. तुझ्याशिवाय हे मी कोणाला सांगू शकत नाही.

माझ्यावर विश्वास ठेव एवढंच मागतो.

नायसन

———

शुरुग्वी,
२८ जून १९९४

ती. दाजींस सा. न. वि. वि.

या पत्राने काम आणखी बिघडलं. दादा म्हणतो की बाई नव्हती तर ॲप्रन कोणी घातला होता? ताईचे कपडे आपण सगळ्यांसमोर गाठोड्यात बांधले होते. वाटणीपर्यंत ती गाठ कोणी सोडायची नाही, हे तुमच्यासमोरच ठरलं. काल आई एवढंच म्हणाली की ॲप्रन आपल्या पायांनी चालत नाही.

ट्रक नऊ तारखेच्या शनिवारचा ठरला आहे. आई येणार नाही.

तुमचा स्वभाव मला माहीत आहे. ताई म्हणायची की यांच्याशी बोलायचं म्हणजे विहिरीत बादली सोडून बसायचं, वर येईल तेव्हा येईल. ती बसायची. दादा बसणारा माणूस नाही. वाईट असेल तरी लिहा, दाजी. तुमच्या गप्प राहण्याचा लोक वाटेल तो अर्थ काढतात.

तुमची,
रविरो

———

ग्वेरू,
१ जुलै १९९४

चि. रविरो हिस आशीर्वाद.

तो मीच होतो.

गाठोडं मी सोडलं. हा गुन्हा आहे हे मला कळतं, आणि तुम्ही सांगाल तो दंड मी भरीन. पहिल्या दिवशी अंगावरचा शर्ट तेलाने खराब झाला, म्हणून गाठोड्यातून ॲप्रन काढून बांधला. एवढंच लिहून थांबणार होतो. पण दुसऱ्या दिवशी मी फाटका शर्ट घातला होता, तरी ॲप्रन बांधला. त्याचं कारण मला लिहिता येत नाही. ती वर्षानुवर्षं तो बांधून त्याच ठिकाणी उभी राहत होती.

मला काही येत नव्हतं, हे दादांचं बरोबर आहे. आधी नुसत्या साबणाने घासलं, तर चिकटा नुसता इकडचा तिकडे झाला. मग दुकानदाराने धुण्याचा सोडा दिला. तो कढत पाण्यात घालून फडकं दारावर दाबून धरलं, तेव्हा तपकिरी ओघळ खाली आले. कोपरे सुरीने खरवडले. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाने घासलं. बिजागऱ्यांत खिळा घालून साफ केलं. खालून हिरवा रंग निघाला. कपाटं हिरवी आहेत हे मी विसरलोच होतो. लग्नानंतर मीच रंगवली होती. हिरवा रंग सांगायला ती माझा पत्ता विचारत विचारत थेट कामावर आली होती.

हे पत्र सगळ्यांसमोर वाच. लोक हसले तर हसू देत. पण शुवाईच्या जागी दुसरी आणली असं आईंच्या मनात राहायला नको. ते मला सहन होत नाही.

तुझ्या आधारावर आहे.

नायसन

———

शुरुग्वी,
६ जुलै १९९४

ती. दाजींस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. अर्धं झालं तेव्हाच दादा उठून शेळ्यांकडे गेला. बऱ्याच वेळाने परत आला आणि म्हणाला की ट्रक उशिरा न्यायला हरकत नाही.

आईने पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं की सोडा गार पाण्यात घातला की गरम. मी कढत म्हटलं. ती म्हणाली की थोडी राखही घालायला हवी होती, पुरुषाला कोण सांगणार. त्यानंतर तिने खांद्यावरचं कापड तोंडावर ओढून घेतलं.

गाठ सोडल्याबद्दल एक पांढरी कोंबडी द्यायची, असं दादाने सांगितलं आहे. वाटणी सोळा तारखेला. आई येते आहे, उंबऱ्याच्या आत येते आहे.

पण दाजी, आईने एक मागितलं आहे. ताईच्या आजारात तिला येता आलं नाही, आणि ती पोचली तेव्हा बायकांची ताईला शेवटची अंघोळ घालून झाली होती. ती म्हणते की माझ्या मुलीचा हात लागलेली थोडी जागा तरी मी माझ्या हाताने धुवीन, तेवढी ठेवा म्हणावं. सगळी कपाटं तुम्ही धुतली आहेत हे तिच्या लक्षात आलेलं नाही. मला ते तिला सांगता आलं नाही.

काहीतरी राहिलं आहे असं लिहा. खरंच राहिलेलं असू दे.

रविरो

———

ग्वेरू,
९ जुलै १९९४

चि. रविरो हिस अ. उ. आ.

तुझं पत्र काल दुपारी आलं. तेव्हापासून शोधतो आहे. दारं, वरचे माथे, मुठी, आतले कप्पे, सगळं पाहिलं. शेगडी ओढून मागची भिंत पाहिली. सगळं स्वच्छ आहे. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं, आणि तेच उलटलं.

आज सकाळी कढईत तेल तापवून एका दाराला त्याची वाफ बसू द्यावी असं मनात आलं. आईंना कळलंही नसतं. बाजारातून तेल आणलं होतं. मग वाटलं की तो चिकटा माझा असेल, तिचा नाही. तेल तसंच ठेवलं आहे.

दुपारी जमिनीवर आडवा होऊन वर पाहिलं. शेगडीशेजारच्या कपाटाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, लाकूड काळं दिसलं. हात लावला तर बोटं चिकटली. शेवटी शेवटी ती खुर्चीवर बसून तळायची आणि उठताना तिथे धरायची. तेल आहे, त्यात पीठ आहे, आणि बोटांनी धरल्याच्या जागा दबलेल्या आहेत. माझं फडकं तिथवर पोचलंच नव्हतं. वीतभरच जागा आहे.

आईंना सांग की राहिलं आहे. त्यांना खाली बसावं लागेल, म्हणून चटई टाकून ठेवतो, आणि गुडघ्यासाठी उशी. पाणी कढत असेल, राखही चाळून ठेवीन. त्या आत असतील तेव्हा मी अंगणातच थांबेन.

पांढरी कोंबडी अजून मिळालेली नाही, मिळेल. सर्वांचा लोभ या घरावर राहू द्यावा, घर लहान झालं असलं तरी.

नायसन चिव्होरे

ता. क. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आहे. बाहेर चूल पेटली आहे. उकडीसाठी मक्याचं पीठ एकट्यापुरतं घेणं अजून जमत नाही, आजही जास्तच पडलं. आता ते ढवळत बसतो.