आप्पांचे पाचपैकी पाच

खासबाग, बेळगाव
१४ नोव्हेंबर २०२४

चि. चिन्मय यास,
निवेदितावैनीचे आशीर्वाद.

पुण्यात खुशाल असशीलच. आजारी पडायलाही वेळ लागतो, तो तुला कुठला? इकडे थंडी पडली. तुझा रघुवीरदादा सकाळी सातला निपाणीच्या शाळेला जातो, संध्याकाळी सातला उगवतो. खडेबाजारातून तुझ्यासाठी कुंदा आणला होता. तू आला नाहीस, आम्हीच संपवला.

तुझा मेसेज मिळाला. आप्पांचे चाचणीचे सहाही फॉर्म उत्तम ठरले, आता तुझा नमुना दोनशे रुग्णांना लावणार. अभिनंदन. पेढे मात्र वाटू नकोस. का ते सांगते, पण जरा वळसा घालून. सरळ सांगायला जीभ वळत नाही.

आप्पांना दोन वर्षं लघवीची नळी आहे. तिच्या टोकाची लोंबती पिशवी तू काढलीस आणि इवलासा नळ बसवलास. चार तासांनी दोन बोटांनी दाबायचा, की झालं. पिशवीशिवाय माणूस मोकळा. कल्पना चांगली आहे, खोटं का बोलू? फक्त ती दोन बोटं तू तुझी धरलीस. आप्पांच्या बोटांना आता सदऱ्याचं बटणसुद्धा दाद देत नाही.

मग नळ दाबायचा कोणी? सकाळी जाताना दादा, संध्याकाळी आल्यावर दादा. मधले बारा तास घरात मी. आणि आप्पा सुनेला सांगतील? माझ्यासमोर ते अजून नुसत्या बनियनवर बसत नाहीत. त्यांनीही एक शोध लावला, तुझ्याच तोडीचा. पाणी पिणं बंद केलं.

दर शुक्रवारी मी फॉर्म घेऊन बसायची.
"वापरायला सोपं आहे का? एक ते पाच."
"पाच."
"आप्पा, तुमच्या हातानं एकदा तरी उघडलाय काय?"
"पाच लिही म्हणतो न्हवं! पोराचं काम हाय."

शाळेत तुझे चित्रकलेचे मास्तर असताना त्यांनी तुला पस्तीसच्या वर कधी चढू दिलं नाही. सगळी थकबाकी एकदम दिली. मी लिहिलं.

मागच्या आठवड्यात मंगळवारी त्यांना हुडहुडी भरली. नळी बदलणाऱ्या जयाबाई नर्सला बोलावलं. आत नळी गाळानं गच्च.
"आप्पा, पाणी पिऊलालाय का न्हाय ओ?"
आप्पांनी पांघरूण तोंडावर ओढलं. मग नळ हातात घेऊन मला म्हणाली, "ह्या इंजिनेराला एकदा बोलवा की वैनी. त्याच्या हातावर दोन-दोन मोजे घालते आणि म्हणते, हां, उघड आता."

पाच दिवस दवाखान्यात होते. ताप मूत्रपिंडापर्यंत गेला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर तुला पत्र नाही, फोन आला असता. आता घरी आहेत. पिशवी परत लागली.

वाटेल, वैनी माझ्यावरच घसरली. ऐक. आप्पांच्या उशाशी सकाळी ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असायचा. तो उचलून मोरीत ओतणारी मीच. सहा आठवडे ओतला. मला कळत होतं रे. विचारलं असतं, तर नळ मला उघडावा लागला असता. त्यांना लाज होती, मला सुटका. दोन्ही मिळून घरात त्याला मर्यादा म्हणतात.

आप्पा म्हणतात, "चिन्मयला कळवू नको. पोराचं नाव व्हायलंय." म्हणूनच कळवते.

सोबत सातवा फॉर्म आहे. 'नळ कोण उघडतं?' हा रकाना तुमच्या शहाण्यांनी ठेवला नव्हता, तो मी पेनानं आखलाय. उत्तर लिहिलंय: दिवसा कोणी नाही. आधीचे सहा खोटे आहेत, हेही खाली लिहिलंय. एक प्रत तुमच्या चाचणीवाल्या डॉक्टरांना याच टपालानं गेली. तुला आधी विचारलं नाही. तू नको म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. गप्प बसण्यात माझा हात बसलेला आहे.

रागावलास तर फोनवर रागावू नकोस. इथे येऊन, आप्पांसमोर बसून रागाव.

फॉर्मवरचे 'काळजी घेणारी व्यक्ती' हे छापील शब्द या वेळी खोडून सही केलेली,
निवेदिता