कोरड्या कालव्यातलं धान्य

प्रिय ठमे,

तुझी आई म्हणते, रागात असताना पत्र लिहू नये. मग मी आयुष्यात एकही पत्र लिहिलं नसतं. ती बरी आहे. मला मात्र साहेबांनी घरी बसवलंय. तीस वर्षं धरणाचं गेट फिरवलेल्या हातांना आता काम नाही. घरातला नळ तेवढा उघडतो नि बंद करतो.

तुझं जनित्र सुरू झालं तो दिवस आठवतो? धरणाच्या पायथ्याशी तू हेल्मेट घालून उभी होतीस, गावात पहिल्यांदा दिवे लागले, आणि मी ज्याला त्याला सांगत सुटलो, पोरीनं केलंय! पण त्याआधी तू नकाशा पसरून बसली होतीस, तेव्हा मी विचारलं होतं, कालव्याची पाळी संपून गेट बंद झालं की जनित्र फिरणार कशावर? कालवा बंद असताना जनित्रातलं पाणी परत नदीत सोडायला एक पाइप ठेव. तू म्हणालीस, बाबा, नकाशा मंजूर झालाय. मीही हट्ट धरला नाही. गेटवाल्याचं कोण ऐकतं! आता शेताला पाणी असेल तेवढे दिवस उजेड, मग दोन-दोन महिने अंधार. धरण उशाला आणि कोरड घशाला, तशी गत.

त्या मंगळवारी दुपारी तुझी आई दवाखान्यातून लशींची पेटी काखेत धरून धावत आली. इतकी वर्षं नर्सचं काम करतेय, कधी डगमगली नाही. त्या दिवशी रडकुंडीला आली होती. फ्रिज बंद, बर्फाचं पाणी झालेलं, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस पोरांना लस द्यायची होती. पाणी सोडायचा हुकूम नव्हता. मी गेटचं चाक फिरवलं.

पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवायचा असतो. भोंगा विजेवर, आणि वीज पाणी सुटल्यावर! आहे की नाही गंमत? कुणाला तरी सायकलवरून खाली पिटाळायला हवं होतं, ते मी केलं नाही. कालवा कोरडा पडला की अख्खं गाव त्याच्या सिमेंटवर धान्य वाळत घालतं, हे मला माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू? तुझ्या काकूचं वर्षभराचं धान्य वाहून गेलं. ती कशीबशी काठावर चढली म्हणून वाचली. लशीही वाचल्या. काकू माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

चौकशीचे कागद तुझ्याच टेबलावर आलेत. गेट जुनं होतं, आपोआप सरकलं, असं लिहून टाकते, हा तुझा निरोप पोचला. बापाला वाचवतेयस, कळतं गं मला. पण तसं लिहू नकोस. गेटचा दोष लिहिलास तर ते गेट दुरुस्त करतील, आणि तुझी आई पुन्हा पेटी घेऊन धावत येईल. माझी चूक माझ्या नावावर लिही. तिच्याखाली त्या पाइपचं लिही. नकाशावर सही तुझी आहे, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तर तुला लिहितोय. नाहीतर थेट साहेबांनाच लिहिलं असतं.

तुझाच,
बाबा