ह्यांचं जुनं रेकॉर्डिंग

चि. मुग्धा,

दापोलीला वन्सं न्हाणीघरात पडल्या, म्हणून सकाळच्या एसटीने निघाले आहे. आमटी केली आहे, भात तेवढा लाव.

टीव्हीचा बॉक्स काल कायमचा बंद पडला. दुकानदाराने तीन नवे दाखवले. एकात आतच रेकॉर्डिंग होतं, एकाला पेनड्राइव्ह लावायचा, एक इंटरनेटवर चालतो. मी एकच विचारलं, आमचं जुनं रेकॉर्डिंग यात दिसेल का? नाही म्हणाला. ज्या बॉक्सवर केलं, त्याच बॉक्सवर ते उघडतं.

"आजी, नवीन करा की रेकॉर्डिंग!" तो म्हणाला.

"अरे बाबा, त्यातला माणूस आता बोलत नाही. नवीन कुठून करू?"

शेतीच्या कार्यक्रमात हे आंब्याच्या कलमांवर बोलले होते, तेच ते. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेल्यापासून रोज संध्याकाळी लावायला लागतं. स्वतःच्या आवाजाबरोबर ओठ हलवत बसतात. आपल्या अपूर्वने मागे तेच टीव्हीवरून मोबाईलवर घेऊन दाखवलं, तर हाताने बाजूला सारलं.

पूर्वी अँटेना फिरवायला हेच कौलांवर चढायचे आणि मी खालून ओरडायचे, "आलं, आलं! आता हलवू नका!" तेव्हा बिघडलं तरी करण्यासारखं काहीतरी असायचं.

दुकानदार आज अकराला येईल. कोणता घ्यायचा ते तूच ठरव, मला काही सुचत नाही. ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. काल संध्याकाळी म्हटलं, वीज गेली आहे. डोक्यावर पंखा फिरत होता. ह्यांनी पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

— आई