साफ केलेला उतार

संगमनेर,
सोमवार, ५ जानेवारी २०२६

ती. गहिनीनाथमामा यांस भाची निकिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि काल समोर आले असते तर मीच नीट बोलले नसते. म्हणून मामींनाही न भेटता परत फिरले आणि आज हे पत्र अंगदच्या दुधाच्या टेम्पोतून पाठवते आहे.

मामा, डोंगराच्या उतारावरचे दगड कुणी काढले? डेअरीतली नोकरी सांभाळून तीन महिने दर रविवारी मी वाडीपर्यंत सायकल मारत येते, ती त्या दगडांसाठी. काल पाहते तो देवळापासून खाली पाझर तलावापर्यंत वाट साफ, वर मुरूम, कडेला चुन्याची रेघ. नारळसुद्धा फोडलेला! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

तुम्हाला दिवाळीतच सांगितलं होतं. ही एन्ड्युरोची शर्यत आहे. चढावर वेळ मोजत नाहीत, मुदतीत वर पोचलं की झालं. घड्याळ लावतात ते उतारावर, आणि तो उतार वाईटच असावा लागतो. अठरा तारखेला अकोले तालुक्यातल्या डोंगरात शर्यत आहे आणि तिथेही असाच दगडांचा पट्टा आहे. आपल्याकडचा चाळीस पावलांचा पट्टा मला आजवर एकदाही सायकलवरून न उतरता पार करता आलेला नाही. तेरा दिवस राहिलेत, आणि तुम्ही माझी शाळाच सारवून ठेवलीत.

पप्पांनी बजावलंय, की पहिल्याच शर्यतीत सायकल हातात धरून चालणार असशील तर हा नाद सोड आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास कर. पप्पांचं सोडा, मलाच एकदा बघायचंय मला ते जमतं का. आता कशावर शिकू, डेअरीच्या जिन्यावर?

मामींना नमस्कार. रागावले आहे, तरी लोभ तुटलेला नाही एवढं समजून घ्या.

तुमची,
निकिता


बुधवार, ७ जानेवारी

चि. निकितास मामाचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या मामींनी ते मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने वाचलं. मी सोडून सगळ्या वाडीने ऐकलं.

दगड मीच काढवले. शनिवारी बावीस माणसं पहारी-टिकाव घेऊन आली, बायकांनी घमेल्यांनी मुरूम वाहिला. पाणलोटाची कामं केल्यापासून वाडीला श्रमदानाची सवयच लागली आहे. वाईट वाट दिसली की कुणाला स्वस्थ बसवत नाही. त्यातून गावच्या भाचीची शर्यत, म्हणून सगळे हौसेने राबले. शर्यतीची वाट खराब ठेवायची असते हे आम्हाला कसं कळावं? आम्ही बैलगाड्यांच्या शर्यती बघितलेली माणसं. तिथे आदल्या दिवशी गाड्या पळतात त्या घाटातला खडा न् खडा वेचतात. तू दिवाळीत सांगितलंस ते मला ऐकूच आलं नसणार.

आणि एक सांगायचं राहिलं होतं. नाताळाच्या आधी तू त्या पट्ट्यात पडलीस, तेव्हा मी खालच्या वावरात कांद्याला पाणी देत होतो. सहज मान वर केली तर तू आडवी पडलेली आणि तुझं तोंड ओरडताना उघडं. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. मान वर केली नसती तर तू किती वेळ ओरडत राहिली असतीस, हे डोक्यातून जात नाही. म्हणून हा सगळा उपद्व्याप.

रविवारपर्यंत दगड परत लावून ठेवतो. निम्मे वाडीतल्या कानिफनाथने त्याच्या शेताच्या बांधाला लावलेत. तो म्हणतो, की बांध लई सरळ बसलाय, आता एक बी दगड मिळणार न्हाई. त्याची समजूत काढतो. रागावून का होईना, पण ये.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझा,
मामा


सोमवार, १२ जानेवारी

चि. निकितास आशीर्वाद. वि. वि.

काल तू आली नाहीस. निरोपही नाही.

शनिवारी दगड परत लावले. कुठला कुठे होता यावरून दोन तट पडले. कानिफनाथने बांध उकलून दिला, पण तोंड फुगवूनच. काल सकाळी सातपासून आम्ही पाच जण देवळापाशी बसून होतो. मामींनी तुझ्यासाठी हुलग्याची शेंगोळी केली होती. उन्हं डोक्यावर आली तसा एकेक जण उठून गेला. जाता जाता कानिफनाथने विचारलं, की तुमच्या भाचीला नेमकं पायजे तरी काय?

माझ्यावर रुसलीस तर चालेल, पण वाडीने काय केलं होतं? माझी चूक मी निस्तरली. आता मला काही सुचत नाही.

शर्यतीत जपून. तब्येतीला सांभाळ.

मामा


संगमनेर,
सोमवार, १९ जानेवारी

ती. मामांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

शर्यत झाली. अकरा जणींत दहावी आले. चढ सगळे मुदतीत केले, त्यात कुठे कमी पडले नाही. दुसऱ्या टप्प्यात दगड आले आणि मी ब्रेक दाबला, उतरले, सायकल हातात धरून चालत गेले. मागून येणाऱ्या मुलीला बाजूला होऊन वाट दिली. पप्पा खाली उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं.

अकरा तारखेला मी निघाले होते, मामा. पाझर तलावाच्या वळणापर्यंत आलेही होते. तिथून उतार दिसला, दगड जागेवर होते, आणि वर देवळापाशी तुम्ही सगळे बसलेले दिसलात. मी सायकल वळवली.

त्याच्या आधीच्या रविवारी साफ वाट बघितली, तेव्हा राग नंतर आला. आधी मला हायसं वाटलं. दगडच नाहीत म्हणजे आज पडायचं नाही, आणि जमलं नाही तर दोष माझा नाही. स्वतःचीच इतकी लाज वाटली, की ती झाकायला मी तुम्हाला वाट्टेल ते लिहिलं. तुमची चूक नव्हती. वाडीची तर मुळीच नव्हती.

येत्या रविवारी येते. कुणाला बोलावू नका, तुम्ही एकटे या. मला त्या दगडांची भीती वाटते, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर थोडा परत मागते.

तुमची,
निकिता