घोड्याच्या दाताला चिकटलेलं झाकण

अप्पा, तुम्ही दिलेला घोड्याचा दात काल माझ्या नातीने खोटा ठरवला. पाचवीत आहे, म्हणजे माझ्याहून एक इयत्ता पुढेच. शाळेत त्यांना शिकवलंय, जुनी हाडं किती जुनी ते कसं ओळखतात. तिने मला शिकवलं आणि मी ओसरीवर गल्लीतली सगळी पोरं गोळा करून त्यांना. मला भारी मजा आली बघा! ट्रंक उघडून दाखवली, तळाला माझा शालू, वर कालचा स्वेटर. जमिनीचंही तसंच, खालचा थर जुना. मग हाडातला कार्बन समजवायला लाडवांचं ताट घेतलं. जीव आहे तोवर ताट भरत राहतं, म्हटलं, मेल्यावर वाढणारं कोणी नाही. ठरलेल्या काळाने अर्धं उरतं, पुन्हा तेवढ्याच काळाने त्याचं अर्धं. किती उरलं ते मोजायचं, की कधी मेला ते कळतं. पोरांनी ताटच साफ केलं ते सोडा.

जोरात आले होते, म्हणून देवघरातला डबा काढला. हा बघा, म्हटलं, आमचे पूर्वज दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात ज्या घोड्यावर आले त्याचा दात! दर दसऱ्याला तलवारीशेजारी मांडतो आपण. माती कधी धुतली नाही, ती पूर्वजांची, असं तुम्हीच बजावलेलं. नात म्हणाली, "आजी, सोबत काय सापडलं ते पण बघतात," आणि हेअरपिनने ते ढेकूळ टोकरू लागली. आतून पत्र्याचं गंजकं झाकण निघालं.

"आजी, ये तो सोडे की बोतल का है!" पोरांसमोर नात हिंदीतच ओरडली.

"दादीजी, घोडा सोडा पीता था क्या?" शेजारचं कार्टं.

हसले सगळे. मीही हसले, अप्पा. मग स्वयंपाकघरात गेले आणि कुकर चढवायचाच विसरले.

घोडा कुणाचा का असेना. पण चौथी झाली आणि तुम्ही माझं दप्तर भावाला दिलंत, त्या दिवशी मी जेवले नव्हते. तेव्हा हा दात हातावर ठेवून म्हणालात, "पुस्तकातला इतिहास दुसऱ्यांचा, बेटा. आपल्या घराचा हा. तू याची राखणदार. राखणदार घर सोडून शाळेत जातो होय?" मी डोळे पुसले. साठ वर्षं राखला. सासरी आणला, सुनेला शपथ घातली. एका शाळेच्या बदल्यात सोड्याचं झाकण दिलंत मला, अप्पा! सरळ 'नाही पाठवत' म्हणाला असतात, तर निदान भांडले तरी असते.

नात विचारते, आता फेकायचा का.  ही चिठ्ठी त्याच डब्यात ठेवतेय, दाताखाली.

एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. दप्तर गेलं त्या दिवशी सकाळी टांगा अड्ड्यामागच्या उकिरड्यावर फावडं घेऊन उभे असलेले तुम्ही मला दिसला होतात. मी विचारलं नाही. शाळा तर गेलीच होती. दात तरी राहू दे म्हटलं.